समोरचं दार

फौजेच्या वसाहतीत भर दुपारी एकच बाप्या माणूस दिसायचा, तो म्हणजे सोफेवाला. बाकीच्या घरांतले नवरे मोहिमेवर आणि बायका घरी. याच्या घरी सगळं उलटं. बायको फौजेत रुग्णवाहिका चालवायची, आणि हा वसाहतीच्या भिंतीला लागून असलेल्या गाळ्यात जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचा. बारीक खिळे तोंडात धरून काम करायची त्याची सवय. जिभेनं एकेक खिळा ओठावर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला चिकटवायचा, ठोकायचा. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं म्हणजे एक तर ‘हूं’, नाही तर ‘अंहं’. बायको म्हणायची, "याच्याशी भांडायचं तर आधी खिळे थुंकायला लावावे लागतात."

तिला मोहिमेवर जायचा हुकूम आला तेव्हा थोरली नुकती शाळेत जायला लागली होती आणि धाकटा जेमतेम बोलायला. जायच्या आदल्या आठवड्यात तिनं नवऱ्याला समोर बसवून थोरलीची वेणी घालायला शिकवलं. त्याचा हात वाकड्या सुईला सरावलेला. पहिल्याच दिवशी त्यानं अशी काही आवळून वेणी घातली की पोरीच्या भुवया कपाळावर चढल्या.

"बाबा, मी सोफा नाहीये," थोरली म्हणाली.

बायको हसता हसता पलंगावर आडवी झाली. मग तशीच पडून राहिली, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ. त्यानं पोरीची वेणी सोडली आणि पुन्हा सैल घातली.

समोरच्या घरात वायरलेसवाल्याचं बिऱ्हाड होतं. तो आणि सोफेवाल्याची बायको एकाच तुकडीबरोबर गेले, एकाच तळावर. त्याची बायको, समोरच्या वहिनी, इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी उकळायच्या, पिळायच्या, इस्त्री करायच्या. त्यांचा मुलगा थोरलीच्या वर्गात. त्याचे पुढचे दात एकदमच पडले होते, म्हणून सगळे त्याला बोळक्या म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

दोन्ही घरांनी आपसात वाटून घेतलं. सकाळी वहिनी तिन्ही पोरांचं आवरून द्यायच्या; थोरली आणि बोळक्या शाळेत जायचे, धाकटा शाळेला लागूनच असलेल्या पाळणाघरात. शाळा सुटली की सोफेवाला तिघांना घेऊन यायचा आणि वहिनी येईपर्यंत सांभाळायचा. जिन्यातल्या बायका आधी त्याला हसायच्या. "भाऊजी, धुणं पिळताना कंबर लचकत नाही ना?" पुढे त्याच बायका खुर्चीची तुटलेली पट्टी घेऊन यायच्या आणि जाता जाता धाकट्याच्या तापावर औषध सांगून जायच्या. एकूण चाललं होतं बरं. रविवारी फोन यायचा. पोरं रिसीव्हरसाठी भांडायची, आणि तिकडून ती दोघांना एकच गोष्ट दोनदा सांगायची, म्हणजे रुसवे नकोत.

पण त्या फोनची एक गोष्ट होती. ती वसाहतीत नव्यानं आलेल्याला कुणी सांगत नसे. त्याची त्याला कळायची. तिकडे काही बरंवाईट झालं की तळावरचे सगळे फोन बंद करत. ज्याच्या घरी सांगायचं त्याला आधी रीतसर सांगितलं जावं, कानोकानी कळू नये, म्हणून. मग वसाहतीतल्या एकाही घरात तिकडचा फोन लागेना. सगळ्यांना कळायचं की कुणाचं तरी झालंय. कुणाचं, ते कळायचं नाही. ते कळायचं करड्या रंगाची गाडी आत आली आणि कुठल्या इमारतीपाशी थांबली त्यावरून.

एकदा ती त्यांच्याच इमारतीशी थांबली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडासाठी. दुसऱ्या मजल्यावरून जाणारी पावलं सोफेवाल्यानं दाराला कान लावून ऐकली होती. पावलं वर गेली, वरचं दार वाजलं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तो त्या नसण्यालाच घाबरला.

त्यानंतर काही दिवसांनी तो सामान घेऊन जिना चढत होता. वरून थोरलीचा आवाज आला, मोठ्या माणसासारखा जाड केलेला.

"आत येऊ का? बसा. आधी तुम्ही बसा."

वळणावर येऊन बघतो तर थोरली काखेत शाळेची टोपी धरून वहिनींच्या दारात ताठ उभी. आत बोळक्या जमिनीवर मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या शेजारी धाकटा, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"गाडी-गाडी," बोळक्या म्हणाला. "ज्याचं दार वाजलं त्यानं बसायचं. हसला तो बाद."

"कुणी शिकवला हा खेळ?"

कुणीच शिकवला नव्हता. खालच्या पटांगणात सगळीच पोरं खेळत होती. त्यानं आवाज चढवून सांगितलं की हा खेळ पुन्हा दिसता कामा नये. थोरलीनं टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "बरं. पण मग खरं खरं आले की काय करायचं ते आम्हाला कसं कळणार?"

त्याच्या हातातल्या पिशवीत बटाटे होते. ते घेऊन तो तसाच घरात गेला आणि सोलत बसला.

थंडी ओसरायच्या सुमारास एका रविवारी फोन आला नाही. त्यानं तळाचा नंबर फिरवला. नुसती शांतता, घंटीसुद्धा नाही. खालच्या मजल्यावर विचारलं, तिथेही तेच. जिन्यात बायका उभ्या होत्या, पण कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. समोरच्या वहिनी चादर वाळत घालायला बाहेर आल्या, तारेवर टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली.

"यंत्रात बिघाड असेल," सोफेवाला म्हणाला.

"असेल," वहिनी म्हणाल्या.

सोमवारी दोघंही कामाला गेले. घरी बसून तरी काय करणार? गाळ्यात त्यानं एका आरामखुर्चीचं जुनं कापड उपसायला घेतलं. खिळे निघत होते, गोणपाट फाटत होतं, आतून धूळ उडत होती, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. रस्त्यावरून गाडी गेली की हात थांबायचा. शेवटी त्यानं कुलूप घातलं आणि शाळा सुटायच्या कितीतरी आधी तिच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

तिघांना घेऊन तो घरी आला. पाव भाजले, अंडी उकडली. पोरं जेवली आणि बाहेरच्या खोलीत ठोकळ्यांचा पूल बांधत बसली. तो धाकट्याची ताटली विसळत होता, तेव्हा खाली गाडीचं दार लागलं. एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.

त्यानं नळ बंद केला. जिन्यात पावलं वाजली. दोन माणसांची होती, सावकाश. पहिल्या मजल्यावर थांबतील असं वाटलं, थांबली नाहीत. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढून ती आली आणि थांबली. दार वाजलं.

समोरचं.

तो मोरीशी तसाच उभा राहिला, ओली ताटली हातात घेऊन. पुन्हा दार वाजलं. मग बाहेर काही हळू बोलणं झालं, आणि त्याच्या स्वतःच्या दारावर थाप पडली.

तिथून दारापर्यंत तो कसा गेला ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही. दार उघडलं. एक उंच अधिकारी होता, आणि त्याच्या मागे गणवेशातल्या एक पोक्त बाई. अधिकाऱ्यानं त्याचा चेहरा बघितला आणि नमस्कारही न करता घाईनं म्हणाला, "तुमच्याकडे नाही आलो. समोर आलोय."

सोफेवाल्याच्या अंगातून एक लाट गेली. आनंद होता तो. निखळ, लहान मुलाचा असतो तसा आनंद. आपली नाही. आपली जिवंत आहे. आणि लाट ओसरते न ओसरते तोच पाठीमागून बोळक्याचा आवाज आला, "काका, कोण आहे?"

त्यानं दार ओढून अर्धं केलं. बाईंनी विचारलं, "घरधनीण केव्हा येतात?"

"संध्याकाळी. इस्पितळाच्या धुलाईघरात असतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मुलगा माझ्याकडे आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "आम्ही त्यांना घेऊन येतो," अधिकारी म्हणाला. "तोवर त्याला इथेच राहू द्या. आणि कृपा करून त्याला एवढ्यात…" सोफेवाल्यानं मान हलवली.

तो आत आला तेव्हा पूल अर्धा बांधून तसाच होता. बोळक्या उठून उभा राहिला होता.

"काका, आमचं दार का वाजवलं त्यांनी?"

"पत्ता विचारत होते. चुकून आले होते."

"गाडी आली होती ना?"

"नाही रे. दुसरेच होते कुणी तरी. पत्ता चुकले."

बोळक्यानं त्याच्याकडे बघितलं आणि खाली बसला. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणजे तसंच असणार. थोरलीनं मात्र नजर काढली नाही. खिडकी तिच्या पाठीमागेच होती आणि तिनं खाली बघून घेतलं होतं, हे बापाला तिच्या तोंडावरून कळलं. लाल ठोकळे ती कधी कुणाला हात लावू द्यायची नाही; ते सगळे तिनं बोळक्यापुढे सरकवले. मग उठली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"अंधार कशाला केलास?" बोळक्या म्हणाला.

"ऊन येतंय धाकट्याच्या डोळ्यावर," ती म्हणाली. ऊन कधीच पलीकडे गेलेलं होतं.

त्या दुपारी सोफेवाल्यानं पोरांना पुन्हा खायला दिलं, घोडा होऊन धाकट्याला पाठीवर घेतलं, बोळक्याला खिळे तोंडात कसे धरतात ते दाखवलं, खिळ्यांऐवजी भाताची शितं घेऊन. बोळक्या हसला की त्याच्या हिरड्या दिसायच्या, आणि सोफेवाल्याला वाटायचं, या पोराचं हे शेवटचं हसणं आपण चोरून घेतोय. तरी तो त्याला हसवत राहिला. दुसरं काय करणार?

गाडी परत आली. या वेळी तीन माणसांची पावलं वर आली. समोरचं कुलूप उघडलं, दार लागलं. रडण्याचा आवाज आला नाही. भांडं पडल्याचासुद्धा नाही. बऱ्याच वेळानं वहिनी त्याच्या दारात आल्या. धुलाईघराचा झगा अंगावर तसाच होता, हात वाफेनं लाल झालेले.

"जेवला का तो?" त्यांनी विचारलं.

"जेवला."

"चल रे," त्या मुलाला म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. बोळक्यानं चपला घातल्या, आईचा हात धरला आणि समोरच्या दारातून आत गेला. सोफेवाला आपलं दार लावू शकला नाही. उघडंही ठेवू शकला नाही. फट ठेवून तिथेच उभा राहिला, धाकटा पायाला बिलगेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बोळक्या भेटला. थांबला. "तुम्ही म्हणालात पत्ता चुकले," एवढंच म्हणाला आणि खाली उतरून गेला. त्यानंतर तो सोफेवाल्याच्या घरी आला नाही. थोरलीनं बोलावलं तरी आला नाही.

फोन सुरू झाले. बायकोचा फोन आला तेव्हा पोरं आधी बोलली. मग त्यानं रिसीव्हर घेतला आणि म्हणाला, "इकडे समोर…"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या गाडीत होता तो, वाटेतच गेला. मी चालवत होते."

तिकडून नुसती खरखर आली.

"रस्ता खराब होता," ती म्हणाली. "वहिनींना सांगू नकोस. मी आले की मीच सांगेन."

त्या महिन्यात वहिनींना घर सोडावं लागणार होतं. नवरा नाही म्हणजे वसाहतीतली जागाही नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीच्या घराला लागून स्वयंपाकघरासकट एक खोली मिळाली. सोफेवाला खोकी बांधायला गेला. दोऱ्या आवळत होता, गाठी मारत होता. वहिनी कपाटातून कपडे काढून देत होत्या.

"भाऊजी," त्या मध्येच म्हणाल्या, "त्यांनी तुमचं दार वाजवलं आणि मग सांगितलं की तुमच्याकडे नाही. तेव्हा बरं वाटलं असेल ना तुम्हाला?"

त्यानं मारलेली गाठ आणखी आवळली.

"खोटं नका बोलू. मला वाटलं होतं, ती पावलं तिसऱ्या मजल्यावर गेली होती तेव्हा. चक्क हसू आलं होतं. चहा करून प्यायले मी. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात, ते काही खोटं नाही." त्यांनी एक सदरा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "मला तुमचा राग नाही आला. फक्त वाटलं, विचारून बघावं. कारण मला काहीच सांगत नाहीत हो. कुठे झालं, कसं झालं, शेवटी जवळ कोण होतं. विचारलं की म्हणतात, त्रास झाला नाही. त्यांना त्रास झाला की नाही हे नाही कळून घ्यायचं मला. जवळ कोण होतं एवढंच हवंय."

बायकोनं घातलेलं बंधन त्याच्या कानात होतं. पण मुलाशी तो एकदा खोटं बोललेला होता, आणि ते खोटं रोज जिन्यात त्याच्याजवळून मान फिरवून जात होतं.

"ती होती," तो म्हणाला. "गाडी तिची होती. तीच घेऊन जात होती त्यांना."

वहिनी बांधलेल्या खोक्यावर बसल्या. सदरा मांडीवर होता. त्याची बटणं त्यांनी एकेक करून लावली आणि म्हणाल्या, "मग तिला येऊ द्या."

तेव्हापासून तिच्या परतण्याची वाट दोन घरं बघू लागली. वहिनी अधूनमधून कामावरून वसाहतीत यायच्या. चहा घ्यायच्या नाहीत, दारातच उभ्या राहायच्या.

"फोन आला होता?"

"आला होता. बरी आहे."

"केव्हा येते म्हणाली?"

"अजून नक्की नाही."

त्या मान हलवून जायच्या. त्यांना तिची काळजी होती यात शंका नाही, पण ती काळजी सोफेवाल्याला सोसवत नसे. त्यांच्या नवऱ्याचे शेवटचे शब्द, असलेच तर, तिच्याजवळ होते. ती गेली असती तर तेही गेले असते. पुन्हा एकदा फोन बंद पडले, तेव्हा वहिनी सगळं गाव ओलांडून धावत आल्या आणि थोरलीजवळ खिडकीशी बसून राहिल्या. गाडी आली, आणि पलीकडच्या इमारतीपाशी थांबली. तिघांनी एकदमच श्वास सोडला, आणि मग एकमेकांकडे न बघता उठले. तिची परतीची तारीख दोनदा पुढे गेली. समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. सोफेवाल्यानं त्यांच्याशी ओळख वाढवली नाही.

ती आली तेव्हा धाकटा पूर्ण वाक्यं बोलायला लागला होता. तो तिला बघून बापाच्या मागे लपला आणि म्हणाला, "या बाई किती दिवस राहणार?" ती हसली. पिशवी खाली ठेवून जमिनीवरच बसली आणि तो आपणहून येईपर्यंत तशीच बसून राहिली. थोरली मात्र आईला चिकटली ती सुटेचना. मोरीत गेली तरी दाराबाहेर उभी. घरात भांडं पडलं की आई आधी पोरांकडे बघायची, मग भांड्याकडे. गाडी चालवायला तिनं साफ नकार दिला. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी बाहेर काढून द्यायला सांगितलं तेव्हा म्हणाली, "मला नाही येत."

पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "वहिनींकडे जाऊ या." तो म्हणाला, "दोन दिवस थांब. जरा बस." ती थांबली नाही.

बसनं गेले. वहिनींची खोली लहान होती, पण लख्ख. खिडकीत चादर वाळत होती. बोळक्याला पुढचे दात आले होते, मोठे, चेहऱ्याला न शोभणारे. त्याच्याकडे बघून पूर्वीचं नाव कुणी घेतलं नाही. दोघी आतल्या लहानशा स्वयंपाकघरात गेल्या आणि वहिनींनी दार लोटलं.

सोफेवाला तीन मुलांबरोबर बाहेर बसला. आतून आधी बायकोचा आवाज येत होता, एकसारखा, हळू, रस्ता सांगावा तसा. शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. मग वहिनींनी काही विचारलं. मग पुन्हा तिचा आवाज, पण आता तुटक. धाकट्यानं "आई" म्हणून हाक मारली, तशी थोरलीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. खोलीत एक मोडकी खुर्ची होती, बसकण खाली गेलेली. सोफेवाला उठला, खुर्ची उलटी केली आणि पट्ट्या चाचपू लागला. वहिनींचा मुलगा जवळ आला. थोडा वेळ बघत उभा राहिला.

"दुरुस्त होईल?" त्यानं विचारलं. इतक्या महिन्यांत तो सोफेवाल्याशी पहिल्यांदा बोलला होता.

"पट्टा नवा लागेल," सोफेवाला म्हणाला. "पुढच्या रविवारी घेऊन येतो." आणि मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो."

"माहीत आहे," मुलगा म्हणाला. त्यानं खुर्चीचा एक पाय धरला, हलू नये म्हणून.

दार उघडलं. वहिनींचे डोळे कोरडे होते. बायकोचा चेहरा मात्र नवऱ्यानं पूर्वी कधी बघितला नव्हता असा होता, सगळं कापड उपसून काढल्यावर आतली नुसती चौकट राहावी तसा. वहिनींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सावकाश जा." आत काय बोलणं झालं ते त्यानं तेव्हा विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही. त्यातला अर्धा वाटा मागावा असं ते नव्हतं.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. धाकटा आईच्या मांडीवर झोपला. आता तिथे त्याला बरं वाटू लागलं होतं. थोरली तिच्या खांद्यावर डोकं टेकून होती, डोळे मिटून. बाहेर दुकानांचे दिवे लागत होते.

"एक सांगायचंय," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पुढच्या तुकडीत पुन्हा नाव लागलंय माझं. गाडीवर नाही, तळावर. पण जायचं आहे."

"केव्हा कळलं?"

"तळावरून निघायच्या आधीच."

"आणि केव्हा जायचं?"

"तारीख नाही सांगितली अजून. पोरांना एवढ्यात सांगू नकोस."

त्यानं थोरलीकडे बघितलं. तिचा श्वास झोपलेल्या माणसासारखा संथ चालला होता, पण मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, आणि हाताची मूठ आईच्या बाहीत इतकी घट्ट वळलेली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. बस पुढच्या थांब्यावर थांबली, कुणी उतरलं, कुणी चढलं, आणि ते वसाहतीच्या दिशेनं जात राहिले.